दोन किलो साखर आणि चौदा टन माल

मी साखर आणायला गेलो होतो, एवढाच माझा अपराध.

पाडव्याचा आदला दिवस होता. घरी सकाळपासून चक्का टांगलेला, आणि साखर संपल्याचा शोध नेहमीप्रमाणे संध्याकाळी सहाला लागलेला. दोन किलोची पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडाशी आलो, तर गल्ली बंद. आत ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे काँक्रीट वाहणारा ट्रक, अडकला होता.

आमची कोथरूडची गल्ली लुनाच्या मापाने आखलेली आहे. समोरून दुसरी लुना आली तर एकीने थांबावं, अशी कल्पना असावी. आता तिथल्या अकरा इमारतींपैकी चार पुनर्विकासाला गेल्यात आणि प्रत्येकीला स्लॅब आहेत. स्लॅबच्या दिवशी पोटात सहा घनमीटर काँक्रीट घेऊन हा गरगरणारा हत्ती त्याच गल्लीत शिरतो. एक नाही, ओळीने दहा-बारा.

त्या दिवशीचा हत्ती वळणावर अडला, कारण वळणावर चंदेरी कव्हर घातलेली एक गाडी उभी होती. गाडी कोणाची हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. नानांच्या जावयाची. जावई सॅन होजेला, किल्लीही सॅन होजेला. आणि ज्यांच्या गाडीने रस्ता अडवला होता ते नाना स्वतः मिक्सरसमोर उभे राहून, मिक्सर कसा चुकीचा आणला हे ड्रायव्हरला समजावत होते.

नाना निवृत्त इंजिनिअर. वय अठ्ठ्याहत्तर. एका सरकारी खात्यात त्यांनी हयातभर काँक्रीट पाहिलं, आणि निवृत्तीनंतर काँक्रीटच त्यांना पाहायला गल्लीत आलं. इतकं भाग्य फार कमी लोकांच्या वाट्याला येतं. कुठल्याही विषयावरून ते तीन वाक्यांत पानशेतच्या पुरावर येतात. १२ जुलै १९६१ ला ते चौदा वर्षांचे होते, आणि पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं हे ते हाताने दाखवतात. दर वर्षी हात थोडा वर जातो.

त्या दिवशी मात्र पानशेत नव्हतं. त्या दिवशी चलन होतं.

"पाच दहा!" नाना ओरडले. हातात ड्रायव्हरचं चलन, म्हणजे माल प्लांटवरून निघाल्याची पावती. "प्लांटवर सिमेंटात पाणी पडलंय पाच वाजून दहा मिनिटांनी. आता सहा पंचवीस. दोन तासांत माल खाली व्हायला पाहिजे, आयएस कोड आहे, भारतीय मानक! सात दहा! पंचेचाळीस मिनिटं उरली."

जमलेल्या वीस-पंचवीस माणसांनी घड्याळं पाहिली. मीही पाहिलं. मला दोन तासांत घरी पोचायला पाहिजे असा कुठला कोड आहे का, हा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला. कर्वे रस्त्यावर दीड दीड तास अडकलो आहे. माझा माल खराब होईल म्हणून कोणी चलन तपासलं नाही.

"तिकडे साईटवर काँक्रीटचा पंप थांबला असणार," नाना पुढे म्हणाले. "आधीचा माल बसला आणि वर हा नवीन पडला, तर दोघं एकजीव होत नाहीत. कोल्ड जॉइंट! उद्या त्या जॉइंटमधून पाणी गळेल ते कोणाच्या बेडरूममध्ये?"

कोणाच्या, ते कोणाला माहीत नव्हतं. तिथल्या फ्लॅटचा भाव ऐकलाय, त्यावरून आमच्यापैकी कोणाच्या नाही एवढं नक्की.

एका पोराने विचारलं, ड्रम फिरतोय तर माल मागून सांडत का नाही? नानांना हेच हवं होतं. "चकलीचा सोऱ्या पाहिलायस? त्याच्या दांड्याला आटे असतात. ड्रमच्या आतून तशीच मळसूत्री पाती आहेत. एका दिशेने फिरव, माल आत ओढला जातो. उलट फिरव, बाहेर." मग ड्रायव्हरला, "दाखवा जरा उलटा फिरवून."

ड्रायव्हर बीडकडचा, तिशीतला. तो फक्त म्हणाला, "काका, रस्त्यावर नाही करत ते."

आणि इथे नानांची नजर माझ्या पिशवीवर पडली.

"काय आहे त्यात?"

"साखर."

नानांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, पेढे आहेत असं चुकून बोललो की काय. "किती?"

"दोन किलो."

"सहा घनमीटर," नाना हवेत बोटाने लिहायला लागले. "घनमीटरला साडेतीनशे किलो सिमेंट धरा. एकवीसशे किलो. त्याच्या एक दशांश टक्का किती?"

मी गप्प. एक दशांश टक्का मला शेवटचा कोणी विचारला असेल तर तो बँकेने, आणि तेव्हाही उत्तर त्यांच्याकडेच होतं. सहावीतला एक मुलगा म्हणाला, "दोन किलो शंभर ग्रॅम."

"शंभर ग्रॅम कमी आहे," नाना माझ्याकडे बघून म्हणाले. ते शंभर ग्रॅम मी वाटेत खाल्ले असावेत, असा सूर. "चालेल. आणा इकडे. साखरेने सिमेंटचं सेटिंग लांबतं. साधं रसायन आहे."

"नाना, उद्या पाडवा आहे. श्रीखंड करायचंय."

"श्रीखंड गुळाचंही होतं."

"काँक्रीटला नाही का चालत गूळ?"

"न चालायला काय झालं? जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळच घालायचे. पण आत्ता तुमच्याकडे साखर आहे."

या युक्तिवादाला उत्तर काय द्यायचं, हे मला आजही सुचलेलं नाही. गर्दीतून एक बाई म्हणाल्या, "द्या हो, दोन किलो साखरेचं काय एवढं." त्यांच्या हातात स्वतःची भाजीची पिशवी होती, ती त्यांनी घट्ट धरली होती.

शेवटी ड्रायव्हरच कळवळला. "काका, साखर नका टाकू. साखर पडली तर साईटवाले माल घेणार नाहीत. आमी साखर टाकतो ते माल वाया गेला अन् ड्रम वाचवायचा असंल तवा. नाहीतर आत दगूड होतो, अन् तो फोडायला माणूस आत उतरवावा लागतो ब्रेकर घेऊन. अन् मालात लांबवायचं केमिकल प्लांटवरच टाकलेलं असतंय."

"म्हणजे साखरेने लांबतं, हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य हाय."

"मग झालं तर!" नानांनी माझ्या हातातून पिशवी घेतली.

त्या ड्रायव्हरने ड्रमला टेकून उभं राहून नाही म्हटलं नसतं, तर माझी साखर आज कुणाच्या तरी चौथ्या मजल्याच्या स्लॅबमध्ये असती आणि तो स्लॅब अजून ओला असता. नानांनी माघार घेतली. पिशवीने घेतली नाही. ती त्यांच्या काखेत राहिली.

(रात्री झोप येईना म्हणून या यंत्राचं मूळ शोधलं. स्टेपनियन नावाच्या अमेरिकेतल्या आर्मेनियन माणसाने १९१६ साली ट्रकवरच्या मिक्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला, तर ट्रकला एवढं वजन झेपणार नाही म्हणून तो फेटाळला गेला. अर्ज फेटाळणाऱ्या त्या अज्ञात कारकुनाला माझा नमस्कार. असा एक माणूस आमच्या गल्लीला मिळाला असता तर! आणखी एक गोष्ट सापडली, ती नानांना कळू देऊ नका: भारतातला पहिला रेडी मिक्स, म्हणजे तयार काँक्रीटचा, प्लांट १९८७ साली पुण्यातच निघाला होता. चालला नाही. पुण्याने वेळेआधी करून सोडून दिलेल्या गोष्टींची नानांकडे यादी आहे, ती मला आणखी लांबवायची नाही.)

तर सहा पंचेचाळीस. गाडी उचलून बाजूला करायची असं ठरलं. ठरवलं नानांनी, उचलायची आम्ही. आठ जण लागलो. नाना कव्हर सरकू नये म्हणून एक कोपरा चिमटीत धरून होते, "रंगाला ओरखडा नको." दीड फूट सरकली. माझ्या कमरेत जे सरकलं ते अजून तिथेच आहे.

ड्रायव्हरने पहिला गिअर टाकला. आमच्या गेटसमोर थोडा चढ आहे. चौदा टनांवर माल, ड्रम मागे उतरता, गाडीला हिसका. च्युटवरून, म्हणजे माल ओतायच्या पन्हळीवरून, पाटीभर काँक्रीट सपकन रस्त्यावर पडलं. मी गाडीला धक्का देऊन मागे सरकत होतो. डावी चप्पल त्यात रुतली, पाय चपलेतून निघाला आणि तोल सांभाळायला मी तो अनवाणीच परत खाली टेकवला. घोट्यापर्यंत.

ओल्या काँक्रीटचा स्पर्श कसा असतो, सांगतो. गार. आणि किंचित आपुलकीचा. सोडत नाही.

"धुवा, धुवा! अल्कली आहे, कातडी जळेल!" नाना ओरडले. हे बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला. टँकरच्या नळाखाली पाय धरून मी उभा असताना मिक्सर वळणापलीकडे गेला. सहा बावन्न. अठरा मिनिटं राखून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिक्सरसाठी.

आता इथे थोडं तिरकस बोलतो, राग मानू नका. टाळ्या कशाच्या? चार वर्षं झाली, आमच्या गल्लीत खिडकी उघडून कोणी झोपलेलं नाही. गॅलरीत वाळत घातलेल्या बनियनला सिमेंटचा रंग येतो. रात्री अकराला पंप सुरू, विचारायला गेलं तर "स्लॅब मध्येच थांबवता येत नाही साहेब." खरंच येत नाही, कोल्ड जॉइंट होतो, आता मला माहीत आहे. स्लॅब झाला की च्युट धुतात ते पाणी गटारात, गटार तुंबतं ते जूनमध्ये. पडलेला माल कोणी उचलत नाही, त्याचा गतिरोधक होतो. हिंजवडीकडे मिक्सरखाली माणसं गेल्याच्या बातम्या वाचतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच मिक्सरच्या डाव्या बाजूने स्कूटर काढतो, कारण उजवीकडून बस येत असते. ड्रायव्हरला आपण दिसतो की नाही हे कळायचा मार्ग एकच आहे आणि तो मला आजमावायचा नाही.

आणि तोंड उघडायची सोय नाही, कारण आमच्या सोसायटीचाही पुनर्विकास व्हायचाय. माझी सही झाली आहे. उद्या आमच्या स्लॅबसाठी दुसऱ्या कोणाची तरी साखर जाईल. सही अडली आहे ती एकट्या नानांची. त्यांचा म्हणे बिल्डरच्या काँक्रीटवर विश्वास नाही.

पाय धुऊन वर येतो तर नानांच्या दारात ही गर्दी. नानांनी सगळ्यांना चहा केला होता. गाडी उचलणाऱ्यांना, बघणाऱ्यांना, त्या भाजीच्या पिशवीवाल्या बाईंना. मिक्सरच्या क्लीनरला प्लास्टिकच्या बाटलीतून चहा साईटवर पोचवला होता. चहा फक्कड झाला असावा, सगळे म्हणत होते. साखर सढळ पडली होती.

"तुम्ही बिनसाखरेचा घेता ना?" नानांनी मला विचारलं. मी नाही म्हणालो. "मग संपला," ते म्हणाले.

पिशवी परत मिळाली. आत एक वाटीभर उरली होती. बाकीची चहात गेली म्हणावं तर पावणेदोन किलो साखरेचा चहा प्यायला कोथरूड कमी पडेल. विचारलं नाही. फोनवर सात मिस्ड कॉल होते. चक्का आंबट झाला होता, आणि पाडव्याला आम्ही श्रीखंड विकतचं आणलं. आंब्याचं. मला आंब्याचं आवडत नाही.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी गुढी उभारायला सकाळी साडेसहाला उठलो, खाली पाहिलं, तर नाना आमच्या गेटसमोर उकिडवे बसलेले. सांडलेल्या काँक्रीटवर त्यांनी गोणपाट पसरलं होतं आणि तांब्याने पाणी घालत होते.

"नाना, हे काय?"

"क्युरिंग."

"ते फोडून टाकायचंय ना?"

"आणि इतका चांगला माल?" त्यांनी गोणपाटाचं टोक उचललं. मधोमध माझ्या डाव्या पायाचा ठसा. पाचही बोटं. "सात दिवस पाणी मारायचं. याच्यात फ्लाय ॲश आहे, कोळशाची राख, म्हणजे किमान दहा. पूर्ण ताकद अठ्ठावीस दिवसांनी कळते. तोवर कोणी पाय ठेवायचा नाही." चारी कोपऱ्यांना चार विटा होत्या. गेटमधून स्कूटर काढायला आता मला उलटा वळसा पडतो. "आणि एक सांगू? तुमचे तळपाय सपाट आहेत. कमान अजिबात नाही. हाडांच्या डॉक्टरला दाखवून घ्या, कंबर त्यामुळेच दुखते तुमची."

काल दहा दिवस पूर्ण झाले. मी आशेने खाली पाहिलं. नाना आणि तांब्या होतेच. "दहा हे किमान असतात," ते म्हणाले. "किमानावर थांबणारी माणसं वेगळी."

संध्याकाळी त्यांनी बेल वाजवली. साखर आणली असेल म्हणून मी उत्साहाने दार उघडलं. त्यांच्या हातात तांब्या होता.

"चार दिवस भाचीकडे चाललोय, चिंचवडला. सकाळी साडेसहा, ऊन व्हायच्या आत. गोणपाट वाळू द्यायचं नाही. बोटांच्या खाचांत नीट मुरू द्या."

मी तांब्या घेतला.