एक स्टार दिलात, पण कॉम्प्रेसरबद्दल लिहिलं नाहीत

नमस्कार सर,

तुमचा जुना फ्रिज न्यायला आमची गाडी उशिरा आली आणि निघण्याआधी फोनही आला नाही, याबद्दल माफी मागतो. गाडीवरच्या मुलाचा आवाज चढला असेल तर त्याबद्दलही.

पण "कंपनीकडून पैसे घेतात, ग्राहकाचा माल फुकटात उचलतात आणि वर नियम शिकवतात" हे तुमचं वाक्य मनाला फार लागलं. इथे वाचूनच नवीन लोक आम्हाला बोलावतात, पोट यावर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्या उपकरणाची जबाबदारी ते बनवणाऱ्या कंपनीची, ग्राहकाची नाही, असं तुम्ही म्हणता. अगदी मान्य. स्वीडनचे अभ्यासक थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये हा विचार मांडला तो त्यासाठीच: विल्हेवाटीचा खर्च कंपनीच्याच अंगावर आला, की ती मुळात सोडवायला सोपी वस्तू बनवेल. मात्र ही जबाबदारी अख्ख्या उपकरणाची असते हो! तुमच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आधीच काढलेला होता, नळी कापलेली होती. बुकिंग करताना तुम्ही हे सांगितलं नाहीत.

भंगारवाला जास्त देतो म्हणालात. देणारच. कॉम्प्रेसरमध्ये तांब्याचं वाइंडिंग आणि भरपूर लोखंड, ती मलई तो काढून घेतो. मागे उरतो फोम, प्लास्टिक, दाराचं रबर. ते वाहून नेण्यात आणि वेगळं करण्यातच पैसा जातो. शिवाय नळी कापली त्या क्षणी आतला गॅस हवेत गेला. तुमच्या फ्रिजच्या पट्टीवर आर-१३४ए लिहिलं आहे. हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. आम्ही तो मशीनने ओढून सिलिंडरमध्ये भरतो. कंपनी पैसे देते ते या कामाचे, तेही वजनाचे आणि प्रक्रियेचे कागद दाखवल्यावर. नसलेल्या कॉम्प्रेसरचं वजन मी कोणत्या कागदावर दाखवू?

सगळे भाग जागेवर हवेत या आमच्या नियमाबद्दल "असा नियम जगात कुठे नसतो" असंही लिहिलंत. युरोपीय संघाचा विद्युत कचऱ्याबद्दलचा २०१२ चा निर्देश पाहा. उपकरण विनामूल्य परत घ्यायचं हे तिथेही आहेच, पण मुख्य भाग गायब असतील तर वेगळी व्यवस्था लावायची मुभा सदस्य देशांना दिली आहे. आम्ही मनाने काही काढलेलं नाही.

आणि एवढं होऊनही तुमचा फ्रिज आम्ही नेलाच, एक पैसा न घेता. रिव्ह्यूमध्ये ते कुठे दिसलं नाही. असो.

यापुढे बुकिंग घेतानाच सगळे भाग जागेवर आहेत का, हे विचारायला सांगितलं आहे. गाडीच्या वेळेचंही बघतो.