चावल्या दिवशी टेस्ट? काय शोधणार?

‘गोचीड चावल्यास त्याच दिवशी रक्ताची अँटिबॉडी टेस्ट करा. निगेटिव्ह आली तर आजार नाही, गोळ्या घेऊ नका. पॉझिटिव्ह आली तर जंतू आयुष्यभर रक्तात राहतात. गोचिडावर रॉकेल टाका. सर्वांना पाठवा.’ हा मेसेज गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंतच्या आमच्या सगळ्या पाहुण्यांकडे पोचलाय. शेळ्या राखणाऱ्या आमच्या मावसकाकांनी तो वाचला, टेस्ट केली, निगेटिव्ह आली म्हणून अंगात ताप असताना डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करून बसले. म्हणून लिहितोय.

गोचिडामुळे ताप येतो हे खरंय, तेवढं मान्य. त्याला टिक टायफस म्हणतात. रिकेट्सिया नावाच्या जिवाणूमुळे होतो, आणि कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडातूनही होतो.

पण ‘निगेटिव्ह म्हणजे आजार नाही’ हे कुणाच्या डोक्यातून निघालं? अँटिबॉडी म्हणजे जंतू नव्हेत. जंतू शिरल्यावर शरीर त्या बनवतं, आणि त्याला वेळ लागतो. चावल्यावर ताप यायलाच साधारण आठवडा जातो, आणि अँटिबॉडी टेस्टमध्ये दिसायला ताप सुरू झाल्यावर बहुधा आणखी आठवडाभर. पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी उगवलं नाही म्हणून बियाणं बोगस ठरवणाऱ्यातली ही गत. काकांची टेस्ट तापाच्या दुसऱ्या दिवशी झाली होती. त्या निगेटिव्हला काय अर्थ?

त्यात टेस्ट कोणती, तेही बघा. छोट्या लॅबमध्ये बहुतेकदा वाइल-फेलिक्स होते. ही 1916 सालची पद्धत. ती रिकेट्सियाला शोधतच नाही, प्रोटियस नावाच्या भलत्याच जिवाणूचे घटक वापरून अंदाज बांधते. आजार असलेले कितीतरी रुग्ण तिच्यात निसटतात, आणि लघवीच्या मार्गात प्रोटियसचा संसर्ग असेल तर ती खोटी पॉझिटिव्हही येऊ शकते. दुसरं काही उपलब्ध नसेल तर तिचा थोडाफार उपयोग आहे, नाही म्हणत नाही. पक्कं निदान हवं असेल तर आयएफए, म्हणजे थेट रिकेट्सियाविरुद्धच्या अँटिबॉडी मोजणारी टेस्ट. त्यात दोन-चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त घेतात आणि अँटिबॉडी चौपट वाढल्या का ते बघतात.

मग तोवर रुग्णाने वाट बघत बसायचं? आयसीएमआरने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या केंद्र सरकारी संस्थेने, 2015 साली रिकेट्सियाच्या आजारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. संशय आला की लॅबच्या रिपोर्टसाठी न थांबता उपचार सुरू करा, असं त्यात सरळ म्हटलंय. मुख्य औषध डॉक्सीसायक्लिन, गरोदर बाईला अझिथ्रोमायसिन. उशीर झाला तर फुप्फुस, किडनी, मेंदूपर्यंत जातं. पावसाळ्यानंतर ताप, प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच, असं धरून बसण्याआधी अंगावर, विशेषतः तळहात-तळपायावर पुरळ आहे का, चावल्या जागी काळी खपली आहे का, ते बघा. काकांच्या काखेत ती होती. लॅबवाला रक्त घेऊन मोकळा झाला, सदरा वर करून बघितलं कुणीच नाही.

‘आयुष्यभर जंतू’ हा निव्वळ बाजार. आजार बरा झाल्यावरही अँटिबॉडी महिनोन्‌महिने, कधी वर्षभराहून जास्त राहतात. त्या जुन्या संसर्गाची नोंद आहेत. बरा झालेला माणूस पुन्हा पुन्हा टेस्ट करून घाबरतो, एवढंच.

रॉकेल नको, काडी पेटवून लावणं तर नकोच. चिमट्याने कातडीलगत धरा, सरळ वर ओढा, बोटांनी चिरडू नका, हात धुवा. मग दोन आठवडे तापावर नजर ठेवा. ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगा की गोचीड चावला होता. टेस्ट कधी करायची ते त्यांनी ठरवावं, फॉरवर्डने नव्हे.