चित्त्यांचे कोल्हापूर आणि काचपेटीतला इग्वाना : एका प्रतिक्रियेला उत्तर

इग्वाना या मोठ्या सरड्यासारखे विदेशी प्राणी घरात पाळण्याच्या धोक्यांवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे, ‘ज्यांनी आयुष्यात उंदीरही पाळला नाही, त्यांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात चित्ते पाळले जात, तिथे एका इग्वानाचा कसला बाऊ?’ मतभेदाला माझी हरकत नाही. परंतु अनोळखी माणसाच्या आयुष्यात काय होते आणि काय नव्हते, हे परस्पर ठरवून टाकण्याची ही कुठली रीत?

माझे बालपण कोल्हापुरातल्या गंगावेशीजवळ म्हशींच्या गोठ्यात गेले. वडील कट्ट्यावर म्हशी उभ्या करून गिऱ्हाईकांसमोर धार काढून देत. म्हैस आजारी पडली की रवंथ थांबवते, कान पाडते, वैरणीला तोंड लावत नाही. घरातल्या पोरालाही ते कळते. सरपटणारा प्राणी मात्र दुखणे शेवटपर्यंत लपवतो. शेजारच्या मुलाचा इग्वाना मी हातात घेतला, तेव्हा त्याचे पुढचे पाय वाकले होते आणि खालचा जबडा बोटाने दाबला की रबरासारखा दबत होता. घरचे मात्र समाधानाने सांगत होते की, आता तो माणसाळला, अंगावर येत नाही. कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व न मिळाल्याने त्याची हाडे मऊ पडली होती. रोज खिडकीत ठेवून त्याला ऊन दाखवत असत. पण त्याला लागणारे अतिनील ‘बी’ किरण काचेतून आत येतच नाहीत. तेव्हा जनावरांविषयी मला काय कळते, याची चौकशी आपण आधी केली असती, तर बरे झाले असते.

आता चित्ते. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळले जात होते, हे खरेच आहे, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण महाराजांचे नाव ढालीसारखे पुढे करण्यापूर्वी तो इतिहास पुरता पाहावा. डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीतून माळावर न्यायचे आणि काळविटांचा कळप दिसला की पट्टी काढायची, एवढे काम त्या जनावराकडून करून घेण्यासाठी दरबारी माणसे दिवसरात्र राबत. आपल्या घरी संध्याकाळी कामावरून परतल्यावर पेटीत डोकावणारे आपण एकटेच असाल.

दुसरे असे की, पाळलेले चित्ते बंदिवासात जवळजवळ वितच नसत. जहांगीर बादशहाच्या काळातील एक वेत नोंदलेले आहे. त्यानंतर तशी नोंद व्हायला 1956 साल उजाडले. म्हणजे दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून धरून आणावा लागे. पुढे आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर संस्थानाने ते आफ्रिकेतून मागवले. 1952 मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. शिकार आणि गवताळ रानांचा ऱ्हास यांच्याबरोबर ही धरपकडही त्याला कारण झाली. आपण दाखला म्हणून दिलेली गोष्ट आपल्याच विरुद्ध जाते, हे एवढ्या आवेशात लिहिताना आपल्या ध्यानात आले नसावे.

नोंदणीकृत प्राणी पाळणे गुन्हा नाही, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या वन्यजीव कायद्यातील दुरुस्तीनुसार इग्वाना, आफ्रिकन ग्रे पोपट अशा प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. ती आपण केली असेल, असे गृहीत धरतो. रोगांविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. कासवांमुळे मुलांना साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होतो म्हणून अमेरिकेने 1975 मध्येच चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद केली. आणि मला श्रीमंतांचा मत्सर वाटतो, या वाक्याला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

मात्र ‘मोठा झाला तर रंकाळ्याच्या काठावर सोडता येतो’ हे आपले वाक्य मी सोडणार नाही. बाजारात वीतभर दिसणारा इग्वाना पाच फुटांपर्यंत वाढतो. तो तिथे जगला तर इथल्या जीवांच्या मुळावर येईल, आणि न जगला तर हाल होऊन मरेल. सांभाळणे जमेनासे झाले तर वनविभागाला कळवा. तोवर पेटीत अतिनील ‘बी’ किरणांचा दिवा आहे की नाही ते आजच पाहा आणि नसेल तर लावून घ्या.