दोन मिक्सर

“मिक्सर घ्यायचाय,” एवढंच मी स्वयंपाकघराच्या दारात म्हणालो. बायको लसणाची चटणी वाटत होती. भांड्याच्या झाकणावरचा हात न काढता तिनं विचारलं, “का? हा चालतोय की.”

“हा नव्हे. गाण्याचा. माईक लावायचा.”

“किती वॅटचा?”

“पाचशे.”

“हा साडेसातशेचा हाय. केवढ्याला मिळतोय तुमचा?”

“बावीस हजार.”

तिनं पुन्हा बटण दाबलं. पुढं ती काय बोलली ते त्या घर्र आवाजात कळलं नाही. कळलं नाही तेच बरं.

आम्ही नऊजण आहोत. सगळे रिटायर, दोघांना बीपी, एकाला गळा. गुरुवारी संध्याकाळी पेठेतल्या हॉलमध्ये अभंग आणि भावगीतं म्हणतो. साठीशांत, बारसं, देवळातला उत्सव अशी कुणी बोलावतील तिथं जातो. समोर पन्नास-साठ माणसं, त्यातली निम्मी जेवणाची वाट बघणारी. इतके दिवस साउंड भाड्यानं आणायचो. एक पोरगा कपाटाएवढ्या दोन पेट्या उतरवायचा आणि मोबाईल घेऊन जिन्यात जाऊन बसायचा. कुई वाजली की आत यायचा, एक बटण फिरवायचा, परत जिन्यात. मागच्या वर्षीच्या भाड्याची बेरीज केली आणि स्वतःचं घ्यायचं ठरलं. वर्गणी काढायला मी, दुकानं फिरायला मी, शिव्या खायलाही मीच.

पहिली बैठक गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर झाली. म्हैस समोर उभी, ग्लासात ताजं फेसाळ दूध, आणि अण्णा. अण्णा पेटी वाजवतात आणि त्यांचं मत भात्यासारखं असतं, दाबलं की आणखी जोरात येतं.

“हजार वॅटच्या खाली बघायचंच न्हाई,” अण्णा म्हणाले. “कोल्हापुरात ऱ्हातोय आपण.”

आठवडाभर मी यावर वाचून आलो होतो. म्हटलं, “अण्णा, वॅट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलनं वाढतो. कानाला जरासा चढल्यासारखा वाटतो, बस्स. दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात.”

अण्णांनी मिशीवरचा फेस पुसला. “मग दुप्पट घेऊ की. तेवढा तरी चढंल.”

लहान जागेला लहान आवाज पुरतो, हे आमच्या गावात कुणाला पटवायचं? इथं स्पीकरच्या भिंतीला डॉल्बी म्हणतात. छाती हादरली नाही तर मिरवणूक निघाली असं धरत नाहीत. आता गंमत बघा, रे डॉल्बी या गृहस्थानं १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली आणि पहिलं नाव कमावलं ते टेपवरची खरखर कमी करून. आवाज कमी करणाऱ्याचं नाव आम्ही खिडक्यांच्या काचा थरथरवणाऱ्या यंत्राला दिलं. विषय हार्ड, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीत गेलो. दुकानदार भला माणूस, पण त्याला मला ॲक्टिव्ह स्पीकर विकायचे होते. म्हणजे ज्यांच्या पोटातच ॲम्प्लिफायर असतो ते. “आता सगळे हेच घेतात, साहेब. सोबत साधा मिक्सर घ्यायचा, झालं.” त्याचं चुकत नव्हतं. पण त्यानं आमची देवळं पाहिली नव्हती. आमच्या देवळाच्या सभामंडपात चालू स्थितीतलं प्लग पॉइंट एकच आहे, तेही खांबामागं, आणि त्याच्यावर पुजाऱ्याचा मोबाईल कायम लटकलेला. दोन ॲक्टिव्ह स्पीकर आणि एक मिक्सर म्हणजे तीन प्लग, आणि मांडवभर वायरी, ज्यात हळदीकुंकवाला आलेल्या बायकांची जोडवी अडकणार. पॉवर्ड मिक्सरचं बरं असतं. ॲम्प्लिफायर डब्यातच. एक प्लग भिंतीत, दोन वायरी दोन साध्या पेट्यांना, संपलं. फक्त त्याची स्पीकरची वायर चुकून ॲक्टिव्ह पेटीत खुपसायची नाही, नाहीतर पेटी जळून स्वर्गवासी होते. हे दुकानदारानं मला तीनदा सांगितलं. माझ्या तोंडाकडं बघून सांगितलं असावं.

“ह्यो आठ चॅनलचा,” तो एक डबा पुढं सरकवत म्हणाला.

मी भोकं मोजली. तीन पिनांच्या माईकची चारच. “आठ कुठं आहेत?”

“हे चार. आणि ह्या दोन स्टिरिओ जोड्या. एक जोडी म्हंजे दोन. झाले की आठ.”

लग्नपत्रिकेवर ‘सहकुटुंब’ लिहिलं की माणसं जशी वाढतात, तसा हा हिशेब. आम्हाला दोन गाणारे, एक पेटी, तबल्याला दोन, म्हणजे पाच माईक. शिवाय तानपुऱ्याचं ॲप असलेला मोबाईल, पण तो जोडीत बसतो. म्हणजे बारा चॅनलवाला बघायचा, तेव्हा कुठं माईकची सहा भोकं मिळतात.

“वॅट किती?”

“पाचशे.”

“पीएमपीओ का आरएमएस? म्हणजे जाहिरातीतले फुगवलेले, का कायम मिळणारे?”

दुकानदार दुखावला. “साहेब, पाचशे म्हंजे पाचशे.”

डबा उलटा करून चष्मा कपाळावर चढवला. मागं बारीक अक्षरात लिहिलं होतं, दोन्ही बाजूंना अडीचशे-अडीचशे, तेही चार ओहमला. ओहम म्हणजे पेटी विजेला करते तो अडथळा, तो वाढला की वॅट घटतात. आम्हाला घ्यायच्या पेट्या आठ ओहमच्या, एका बाजूला एक. म्हणजे हातात दीड-दीडशे आले तरी देव पावला. पन्नास माणसांना तेवढे चिक्कार होतात. फक्त अण्णांना कळू द्यायचं नव्हतं.

अण्णा शेजारीच होते. त्यांचं बोट एका लाल बटणावर होतं. “हे फॅन्टम काय?”

“अठ्ठेचाळीस व्होल्ट. कंडेन्सर माईकला वीज लागते, ती माईकच्याच वायरीतून जाते. आपल्या साध्या माईकना लागत नाही.”

“फॅन्टम म्हंजे भूत न्हवं?”

“हो.”

“मग असू दे. लागंल कधीतरी.”

आवाज बघायला दुकानात येणारा प्रत्येकजण ‘हॅलो, चेक, हॅलो’ म्हणतो आणि तेवढ्यावर हजारो रुपये मोजतो. मी दोन गोष्टी केल्या. आधी माईक न लावता मास्टर, म्हणजे सगळ्याचा मिळून आवाज, पूर्ण वर चढवला आणि पेटीला कान लावला. पहिल्या डब्यातून तेलात फोडणी पडल्यासारखी ‘सूं’ येत होती, तो बाद. दुसऱ्यात ‘सूं’ कमी, पण डब्यातला पंखा इतका मोठा की पहिल्या आलापातच गिरणीत बसल्यासारखं वाटलं असतं. मग माईक हातात घेऊन खरंच गायलो. दुकानात, दुपारी साडेबाराला, आरती. चहाचा पोरगा किटली घेऊन थांबला. गिऱ्हाईक म्हणून माझी किंमत त्या क्षणी बहुधा वाढली, कारण दुकानदारानं आपणहून पाचशे कमी केले. किंवा मी थांबावं म्हणून केले असतील.

तिसरा डबा पसंत पडला. तो उचलून मी दाराबाहेर नेला आणि स्कूटरवर पायाशी ठेवून बघितला.

“साहेब, मिक्सर हाय ह्यो. सिलिंडर न्हवं.”

“पण न्यायचा तसाच आहे.”

बसला. गुडघे जरा बाहेर काढावे लागले.

पहिला कार्यक्रम मंगळवार पेठेत, एका साठीशांतीचा. यजमान आमच्या सौभाग्यवतींच्या माहेरकडचे, त्यामुळं ती सकाळपासूनच तिथं. आम्ही पेट्या स्टेजच्या पुढच्या कडेला लावल्या तर यजमानांचे चिरंजीव धावत आले. “काका, बॅनर झाकतोय.” बॅनरवर सत्कारमूर्ती गॉगल घालून उभे होते. पेट्या मागं गेल्या, म्हणजे आमच्या पाठीशी, तोंड माईककडं. कुणीतरी माईक चालू केला आणि अशी कुई वाजली की पहिल्या रांगेतल्या आजींनी कानातलं मशीन काढून पर्समध्ये ठेवलं.

मग आमच्यातला प्रत्येकजण साउंड इंजिनिअर झाला. एकानं ट्रेबल कमी केला, दुसऱ्यानं वाढवला, तबलजींनी नुसतीच एक वायर काढून फुंकर मारून परत घातली. मी ओरडून सांगत होतो की न लागणारे माईक बंद करा, जितके उघडे तितकी कुई लवकर. ऐकतो कोण? शेवटी सत्कारमूर्तींना वीतभर झाकून पेट्या पुढं आणल्या आणि शांतता झाली. निवेदक म्हणाले, “इको वाढवा.” वाढवला. “मान्यवरांचं स्वागत-गत-गत.” कमी केला. १९१५ साली आमच्या कोल्हापुरात पॅलेस थिएटर, म्हणजे नंतरचं केशवराव भोसले नाट्यगृह, उभं राहिलं तेव्हा नट शेवटच्या रांगेपर्यंत गळ्यानंच पोचायचे. आम्हाला सातवी रांग गाठायला बावीस हजार लागले.

गाणं मात्र लागलं. अभंगाचा आलाप सुरू झाला, समोरच्या चुळबुळी थांबल्या, आणि तेवढ्यात पेट्यांतून घर्रर्र.

थांबलं. परत घर्रर्र. मी वायरी हलवल्या, इको बंद केला, फॅन्टम तपासला. काही नाही. चार सेकंद घर्र, दोन सेकंद शांत, तालातच म्हणा. शेवटी एक्स्टेंशनची वायर धरून निघालो. ती पडद्यामागून, जोड्यांच्या ढिगावरून, थेट भटारखान्यात गेली. तिथं त्याच बोर्डाच्या दुसऱ्या भोकात आमच्या घरचा मिक्सर लावलेला, त्यात रश्श्याचा कांदा-खोबऱ्याचा मसाला, आणि झाकणावर बायकोचा हात.

“अगं, बंद कर. आवाज स्पीकरात येतोय.”

“दोन मिनटं थांबा की. मी वाटण करतो, तुम्ही गावा.” बटण दाबलेलंच. “न्हाईतरी तुमचा पाचशेचाच हाय.”

मी स्टेजवर परत आलो. तानपुऱ्याचा मोबाईल चार्जिंग संपून केव्हाच बंद पडला होता, आणि अण्णा डोळे मिटून, मान डोलावत, पेटीच्या पट्ट्यांवर काहीतरी शोधत होते.

“बंद करू नकोस रे तिला,” ते हळूच म्हणाले. “काळी दोन लागलीया.”