गुडघे दुखतात म्हणून क्लिपलेस सोडू नका
सायकलवरच्या एका लेखात म्हटलंय गुडघे खराब असतील तर क्लिपलेस पेडलच्या, म्हणजे बूट अडकवून ठेवणाऱ्या पेडलच्या, नादी लागू नका, मला नाही पटलं बघा. माझा उजवा गुडघा जुना दुखणेकरी, दर रविवारी बेळगावहून जांबोटीपर्यंत जातो, आणि दोष पेडलचा नव्हता ओ, क्लीटचा होता, म्हणजे बुटाच्या तळाला लावलेल्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्याचा. दुकानात लाल क्लीट बसवून दिलेल्या, शिमानोच्या रोड पेडलला लाल म्हणजे 0 डिग्री, टाच जरासुद्धा हलत नाही, निळीत 2 डिग्री हलते, पिवळीत 6. पिवळी घातली, पाय मुळात बाहेर वळतो तसाच ठेवून स्क्रू आवळले, मग चढावर वाटीखालचं टोचणं हळूहळू गेलं. पेडलची स्प्रिंग मात्र एकदम ढिली ठेवा, नाहीतर बूट सोडवायला टाच बाहेर झटकताना गुडघा पिळतो, आधी घरी भिंतीला धरून सवय करा की.