एक कार्ड हलवायला किती सेकंद लागतात?

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. आज परत शाळेतून फोन. "तुमच्या मुलाने वर्ग डोक्यावर घेतलाय, येऊन घेऊन जा." धावत गेले तर हा व्हरांड्याच्या कोपऱ्यात बसलेला, दोन्ही कानांवर हात, कॉलर चावून चावून ओलीचिंब आणि तोंडात एकच शब्द, ड्रॉइंग ड्रॉइंग ड्रॉइंग. काय झालं विचारलं तर म्हणे काहीच नाही, अचानकच सुरू झाला. अचानक?? चौथा तास ड्रॉइंगचा होता, ड्रॉइंगच्या टीचर आल्या नाहीत म्हणून गणित घेतलं आणि ते याला कुणी सांगितलंच नाही. भिंतीवर त्याचा चित्रांचा तक्ता आहे, त्यावर ब्रशचं कार्ड तसंच लावलेलं. तो उठून तिथे गेला, कार्डावर बोट ठेवून दाखवत राहिला, म्हणजे त्याला जेवढं सांगता येतं तेवढं त्याने सांगितलं हो, आणि त्याला दंडाला धरून ओढत जागेवर आणून बसवलं. तेव्हा तो ओरडला. आणि मग मला फोन.

तो तक्ता मी बनवलाय. प्रत्येक तासाचं वेगळं कार्ड, लॅमिनेट करून, मागे वेल्क्रो लावून. वेल्क्रो कशासाठी असतं? कार्ड हलवता यावं म्हणून! तास संपला की ते काढून खालच्या खिशात टाकायचं, पुढे काय आहे ते त्याला दिसतं आणि त्याचा जीव थाऱ्यावर राहतो, बस एवढंच काम आहे. काही बदललं तर वर 'बदल' कार्ड लावायचं, शेजारी नवीन तासाचं लावायचं आणि दोन शब्दांत सांगायचं, "ड्रॉइंग नाही. गणित." आणि ड्रॉइंग आता कधी तेही दाखवायचं. हे 'बदल' कार्ड मी त्याला घरी शिकवून मगच पाठवलंय, आधी फक्त चांगले बदल, अभ्यासाच्या जागी झोका वगैरे, म्हणजे ते कार्ड दिसलं की त्याच्या पोटात गोळा येऊ नये. पूर्ण महिना घातला त्यात. ते कार्ड टीचरच्या ड्रॉवरमध्ये पडलंय, एकदाही बाहेर निघालेलं नाही. तक्ता मात्र कुणी बघायला आलं की पहिला दाखवतात.

आणि हे माझ्या डोक्यातलं खूळ नाहीये. लिओ कॅनर या अमेरिकेतल्या बालमानसोपचारतज्ज्ञाने १९४३ साली ११ मुलांबद्दल जो लेख लिहिला, जिथून ऑटिझम हा शब्द या मुलांसाठी रुळला, त्यातच आहे की यांना रोजचं सगळं तसंच्या तसं लागतं आणि त्यात बदल झाला की सहन होत नाही. १९४३! अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १९७२ पासून ऑटिस्टिक मुलांसाठी टीच (TEACCH) नावाचा प्रोग्रॅम चालू आहे, तो चित्रांच्या वेळापत्रकावर आणि वर्गाच्या मांडणीवरच उभा आहे. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाहीये, कार्ड हलवा म्हणतेय फक्त.

मला सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो तर "हट्टी आहे, लाडावून ठेवलाय" याचा. अहो हट्ट करणारं मूल मधे मधे डोळा उघडून बघतं कुणाचं लक्ष आहे का, हवं ते मिळालं की गप्प होतं. मेल्टडाउनमध्ये, म्हणजे सगळं असह्य होऊन ताबा सुटतो तेव्हा, तसं नसतं, त्याच्या हातात काही राहिलेलंच नसतं, तेव्हा ब्रश आणून दिला तरी तो थांबणार नाही. त्या वेळी बोलणं बंद करायचं, शक्य असेल तर दिवे कमी करायचे, बाकीच्यांना लांब करायचं आणि वाट बघायची. आज काय केलं? चार मोठी माणसं भोवती उभी आणि सगळी एकदम "शांत हो, शांत हो, सॉरी म्हण." आवाजाचा त्रास असलेल्या पोराला चार आवाज!! ध्वनी, प्रकाश, स्पर्श यांचा त्रास २०१३ साली डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, ऑटिझमच्या निकषांत आलाय, ते त्याच्या रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय, रिपोर्टची कॉपी शाळेत दिलीये, कुणी वाचलाय?

प्रश्न विचारला की दहा सेकंद तरी थांबा म्हणून किती वेळा सांगितलं, उत्तर येतं त्याचं, पण तिसऱ्या सेकंदाला प्रश्न परत, तोही वेगळ्या शब्दांत, म्हणजे त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. "माझ्याकडे बघ" म्हणून हनुवटी वर करतात, तो बघतो, आणि बघण्यातच सगळी ताकद गेली की ऐकायचं राहून जातं. "एक मिनिट थांब" म्हणालात तर तो साठ मोजतो आणि उठतो, यात उद्धटपणा कुठे आला?

आणि शिक्षा काय तर मधली सुट्टी बंद. ज्या पंधरा मिनिटांत तो पळून, झोके घेऊन स्वतःला सावरतो तीच काढून घेतली. गेल्या आठवड्यात तर त्याची कार्डांची रिंग काढून घेतली, 'पाणी', 'शू', 'ब्रेक' सगळं त्यात आहे, का तर म्हणे तो त्याच्याशी खेळत बसतो. ती त्याची जीभ आहे हो! बोलणाऱ्या मुलाचं तोंड बांधून ठेवाल का तुम्ही? ब्रेक कार्ड दाखवलं तरी सोडत नाहीत, "एकाला सोडलं तर सगळे मागतील." मागू देत की. दोन दिवस मागतील, तिसऱ्या दिवशी विसरतील.

टीचरवर लोड आहे हे मला दिसतं, वर्ग भरलेला आहे, मदतीला कुणी नाही, ट्रेनिंगच्या नावाखाली एक तासाचं भाषण, यात मॅनेजमेंटची चूक जास्त आहे आणि ते मी तोंडावर सांगून आलेय. पण आज गणिताच्या टीचर वर्गात शिरल्या तेव्हा तक्ता दाराशेजारीच होता ना?

उद्या दुसरा तास बदललाय म्हणे, मैदानावर नेणार आहेत. शाळेने नाही कळवलं, वर्गातल्या दुसऱ्या एका आईने मेसेज केला, तोही रात्री साडेदहाला. मी आता मैदानाचं कार्ड काढत बसलेय. तो कधीच झोपला, मेसेज दोन तास आधी आला असता तर त्याला दाखवूनच झोपवलं असतं.