बोलताना आवाज विरत जाण्याच्या तक्रारीवर आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपण लिहिले आहे की, माइकचे बटण दाबल्यावर आपले पहिले काही शब्द समोरच्याला स्वच्छ ऐकू जातात आणि मग आवाज विरत जातो. या दोषासाठी सीबी सेट (सिटिझन्स बँडवर बोलण्या-ऐकण्याचा रेडिओ) आमच्याकडे दिला असता आम्ही तपासणीचे शुल्क घेऊन ‘सेटमध्ये दोष नाही’ असे सांगितले आणि एएमसी (बोलण्याची पातळी आपोआप मर्यादेत ठेवणारे सर्किट) काढून टाकण्याची विनंतीही नाकारली. हा दोष खरा आहे याबद्दल आम्हांला शंका नाही. तो सेटच्या आत नाही, एवढेच आमचे म्हणणे होते आणि आजही आहे.

सेट आला तेव्हा त्यासोबत आपला माइक आणि वीजपुरवठ्याची वायर नव्हती. म्हणून आमचा साधा माइक लावून, १३.८ व्होल्टच्या स्थिर पुरवठ्यावर, अँटेनाऐवजी जोडलेल्या ५० ओहमच्या डमी लोडवर तो चालवला. एएमवर अपेक्षित असलेला ४ वॅटचा कॅरिअर (आवाज वाहून नेणारी मूळ रेडिओलहर) मिळाला आणि सेट चांगला तापेपर्यंत बटण दाबून धरले तरी कॅरिअर ढळला नाही, मॉड्युलेशनही (त्या लहरीवर चढवलेला आवाज) उतरले नाही. एएमच्या बहुतेक सीबी सेटमध्ये ऐकताना स्पीकर चालवणारा ऑडिओ अॅम्प्लिफायरच बोलताना मॉड्युलेशन पुरवतो. आपल्या सेटवर येणारा आवाज भरदार आहे, त्यामुळे तो भाग निर्दोष असल्याचेही स्पष्ट होते.

आपण बॅटरीवर चालणारा पॉवर माइक वापरता आणि त्याचा गेन (आवाज वाढवण्याचे प्रमाण) पूर्ण वाढवून ठेवता, हे आम्हांला आपल्या अभिप्रायातूनच कळले, आणि आमच्या मते दोषाचे मूळ बहुधा इथेच आहे. उतरत आलेली बॅटरी विश्रांतीनंतर थोडी सावरते आणि वापर सुरू होताच पुन्हा खचते, त्यामुळे सुरुवातीचे शब्द ठीक जाऊन पुढचे क्षीण होणे अगदी शक्य आहे. गेन फार असेल तर एएमसी पहिल्याच मोठ्या उच्चाराला पातळी खाली ओढते आणि तिला पूर्ववत व्हायला वेळ लागतो. अशा वेळी गेन कमी केल्याने आवाज उलट भरून येतो, हे ऐकायला विचित्र वाटले तरी करून पाहण्यासारखे आहे. कृपया आधी नवी बॅटरी घाला, मग गेन निम्म्यावर आणा, आणि शक्य असेल तर साधा माइक लावून तुलना करा.

बोलत असताना पॉवर मीटरकडेही लक्ष ठेवावे. काटा कॅरिअरच्या जागी टिकून आवाज तेवढा उतरत असेल तर कारण माइकच्या बाजूला आहे. काटाही सोबत खाली येत असेल तर बारीक वायर, सैल फ्यूज होल्डर किंवा अर्थिंगची गंजलेली जोडणी यांमुळे प्रक्षेपणाच्या वेळी व्होल्टेज पडत असण्याची शक्यता अधिक. माइकच्या वेटोळ्या वायरमधील तुटलेली तार सहसा खरखर करते किंवा आवाज एकदम तोडते. आपण वर्णन केलेले संथ विरणे तिच्याशी फारसे जुळत नाही.

एएमसी काढण्यास मात्र आमचा नकार कायम आहे. ती मॉड्युलेशन १०० टक्क्यांच्या आत ठेवते. ती नसेल तर मोठ्या उच्चाराला कॅरिअर तुटतो, आवाज फाटतो आणि त्याचा कचरा जेमतेम १० किलोहर्ट्झ अंतरावर असलेल्या शेजारच्या चॅनेलवर पसरतो. दुसऱ्यांचे बोलणे बिघडवणारा सेट आम्ही कुणाच्याही हाती देणार नाही.

घेतलेले शुल्क वर सांगितलेल्या तपासणीचे आहे, म्हणून ते परत करता येणार नाही. मात्र त्याच पावतीवर, पुन्हा शुल्क न घेता, सेट आपला माइक, वीजपुरवठ्याची वायर आणि अँटेनाची केबल यांच्यासह आपल्यासमोर तपासून देऊ. येताना माइकमधील जुनी बॅटरी टाकून न देता सोबत आणावी. भार देऊन तिचे व्होल्टेज मोजता येईल.